हबक्कूकचा पहिला अध्याय

शताब्दी समितीच्या पत्रात 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहा, असे म्हटले आहे. शाळेने पुष्कळ दिले. वसतिगृह, बी तुकडी, चिंचेखालचे कबड्डीचे मैदान, नाताळच्या नाटकाची तालीम, यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला लिहायचे आहे ते मराठीच्या बाईंबद्दल. नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. आपल्या काळातल्या कोणालाही नुसते 'बाई' म्हटले की पुरते.

माझे गाव निफाड तालुक्यात. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकी घरे. बाबांची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग होती आणि तिच्यावर सोसायटीचे कर्ज होते. त्या बागेच्या जिवावर त्यांनी मला नाशिकमधल्या शरणपूरच्या वसतिगृहात ठेवले. मी आठवीत होतो त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस गारपीट झाली. मण्यात पाणी उतरले होते, व्यापारी बाग बघून भाव ठरवून गेला होता, दोन-चार दिवसांत तोड सुरू व्हायची होती. पंधरा-वीस मिनिटांत सगळे आटोपले. शनिवारी मी घरी गेलो तेव्हा मांडवाखाली फाटक्या पानांचा थर होता, तडकलेल्या मण्यांचा आंबूस वास सुटला होता आणि तारांना लटकलेल्या घडांवर माश्या घोंगावत होत्या. काड्यांवर जिथे गार बसली होती तिथली साल उडून आतले पांढरे लाकूड दिसत होते. आई रडत होती. बाबा काड्या हाताने चाचपत ओळीओळीने फिरत होते.

त्या काळी आपल्या परिपाठात पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, एकेक पुस्तक क्रमाने वाचले जाई. आवडते तेवढे निवडायचे नाही, हा बाईंचा नियम. त्या आठवड्यात हबक्कूक या संदेष्ट्याचे पुस्तक चालू होते आणि शेवटच्या, तिसऱ्या अध्यायाला वाचनाची पाळी माझी आली. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. यादी जूनमध्येच फळ्याशेजारी लागलेली असे. अंजिराचे झाड फुलले नाही, इथपर्यंत मी वाचले. पुढे द्राक्षवेलीला फळ न आल्याचे आहे, आणि मग 'तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन' असे. द्राक्षवेलीपाशीच माझा आवाज गेला.

अख्खी शाळा उभी होती. शिक्षकांच्या रांगेतून कोणीतरी पुढचे शब्द सांगू लागले, तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पुस्तक माझ्या हातातून घेतले नाही, पाठीवर हात फिरवला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज इथेच थांबू. उरलेलं हा वाचेल, त्याला जमेल तेव्हा."

मधल्या सुट्टीत त्यांनी मला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावले. मला वाटले, आता धीर धर, देव बघून घेईल, असे काहीतरी ऐकावे लागणार. गावातले सगळे तेच म्हणत होते. बाईंनी तेच पुस्तक उघडायला लावले, पण पहिला अध्याय. "मोठ्याने वाच," म्हणाल्या. मी वाचले. परमेश्वरा, मी किती वेळ ओरडत राहू, आणि तू ऐकणारच नाहीस का, असे तो संदेष्टा देवाला सरळ विचारतो. बाबिलोनची फौज चालून येणार असे दिसत होते, देशात न्याय उरला नव्हता, आणि हा माणूस देवाशी भांडत होता.

"हे कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारले.

"पवित्र शास्त्रात."

"मग हे म्हणायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. पहिला अध्याय गाळून तिसऱ्यावर उडी मारायची नाही. तो स्वतः तसा गेलेला नाही."

मग दुसरा अध्याय. त्यात तो पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन उभा राहतो, देव काय उत्तर देतो ते बघायला. उत्तर मिळते ते असे की विलंब लागला तरी वाट पाहा. बाईंनी त्यावर प्रवचन दिले नाही. एकदम विचारले, "बाबा खरड छाटणी घेणार आहेत का?"

मी म्हणालो, "हो. आईच्या पाटल्या गहाण ठेवून."

"म्हणजे त्यांचा तिसरा अध्याय सुरू झालाय," बाई म्हणाल्या.

बागायतदार नसलेल्यांसाठी सांगतो. एप्रिलची खरड छाटणी फळासाठी नसते. तिने फक्त नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची सोय होते. त्यानंतर ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग डावणी, भुरी हे रोग, फवारण्या, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणे, आणि फळ पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत. बाग बुडालेल्या माणसाने एप्रिलमध्ये कात्री हातात घेणे म्हणजे वर्षाचा खर्च उसनवारीने अंगावर घेणे. बाबा कमी बोलणारे होते, उपासनेत मागच्या बाकावर बसत, प्रार्थना करायला कोणी उभे केले तर संकोचत. त्यांच्या कात्रीत विश्वास आहे हे मला बाईंनी दाखवले नसते तर कधीच दिसले नसते.

उरलेली वचने मी एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याच्या आधी वाचली. तोवर बाईंनी ती दुसऱ्या कोणाला वाचू दिली नाहीत. रोज एखादे स्तोत्र घेऊन परिपाठ चालवला, आणि हबक्कूकच्या पानात खूण तशीच ठेवली. माझी फी त्या वर्षी कशी भागली ते मी विचारले नाही. मला कल्पना आहे.

बाईंचे शिकवणे सगळे याच वळणाचे होते. पवित्र शास्त्रातले विलापगीत शिकवताना त्यांनी फळ्यावर इब्री म्हणजे हिब्रू मुळाक्षरे काढली होती. यरुशलेम इ. स. पू. 586 मध्ये पडले, त्या नाशावरचा हा शोक. पाचांपैकी पहिले चार अध्याय त्या 22 अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत, आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन-तीन ओळी. रडणाऱ्याने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत रडून घेतले आहे, काही शिल्लक ठेवलेले नाही, आणि आशेचे शब्द त्या रडण्याच्या मधोमध येतात, शेवटी नव्हे, हे त्यांनी आम्हाला बोटाने दाखवले. शेवटचा अध्याय तर प्रश्नातच संपतो. विश्वास असला की रडू येत नाही असे सांगणाऱ्यांनी हे पुस्तक उघडलेले नसते, असे माझे आजही मत आहे.

जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बाई घरातल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलत. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पुढे आल्या त्या स्वतःच्या पायांनी. टिळक 1919 मध्ये गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले होते. नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. "हे महाकाव्य पुरं करणारी बाई आधी देवावर आणि नवऱ्यावर मनसोक्त रागावलेली होती, हे विसरू नका," असे बाई सांगत.

आणि जेकब वेनराइट. दर वर्षी आठवीच्या वर्गाला त्या सेंट अँड्र्यूज चर्चपर्यंत चालत नेत आणि वाटेत ही गोष्ट सांगत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या मिशनात वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला हा एक. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधात पाठवलेल्या तुकडीतून तो आफ्रिकेत परत गेला. मे 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथल्या झाडाखाली पुरताना दफनविधी वाचला तो आपल्या नाशिकच्या या मुलाने. नंतर सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणला, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांमध्ये जेकब होता. आईबाप, गाव, भाषा, सगळे हिरावून घेतलेला मुलगा. आमच्यापैकी कोणी परिपाठाला वाचायला घाबरले की बाई म्हणत, "जेकबने कुठे उभं राहून वाचलं ते आठव."

ते मला 2021 च्या एप्रिलमध्ये आठवले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी शहरभर फिरलो ते आता लिहवत नाही. चर्च बंद होते, पाळकसाहेब स्वतः आजारी होते. कबरस्तानात आम्ही पाच-सहा माणसे, अंगावर ते प्लास्टिकचे पोशाख. विधी मीच वाचला. वाचताना आवाज गेला नाही, कारण आत काहीच उरले नव्हते. रात्री बाईंना फोन केला. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि घरात एकट्या होत्या. मी सलामसुद्धा न करता म्हणालो, "बाई, मला प्रार्थना येत नाही."

"आज तिसरा अध्याय नको," त्या म्हणाल्या. "पहिला वाच. मोठ्याने वाच. मी ऐकते."

मी वाचला. फोनच्या पलीकडून त्याही माझ्याबरोबर वाचू लागल्या. त्यांच्या आवाजात राग होता. त्या दिवसांत त्यांनीही बरीच माणसे गमावली होती. माझ्याऐवजी त्यांनी आशा धरली होती असे मी आज म्हणेन. त्या काळात मला एकट्याला ती धरता आली नसती. पुढचे काही महिने मी पहिल्याच अध्यायात होतो. मंडळीत परत गेलो ते ईस्टरला नव्हे, एका साध्या रविवारी, मागच्या बाकावर, बाबांच्या जागी.

26 नोव्हेंबर 2023 ला निफाड तालुक्यात गारा पडल्या तेव्हा बाग माझ्या नावावर होती. दोन एकरांची आता सात एकर झाली आहे, माल युरोपला जातो, गावातली तीस-पस्तीस माणसे हंगामात आमच्याकडे कामाला असतात. हे देवाच्या कृपेने झाले आणि बाबांच्या एप्रिलमुळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काड्या चाचपत फिरलो. माझी मुलगी मागून येत होती. तिने विचारले, "आता काय करायचं?" मी तिला आधी ओरडू दिले. मग आम्ही फुटलेले घड काढायला घेतले, आणि एप्रिलमध्ये छाटणी तिने केली.

मुलांना मी बाईंच्याच शाळेत, म्हणजे आपल्याच शाळेत घातले, पण परिपाठ आता तसा राहिलेला नाही याचे मला वाईट वाटते. स्पीकरवर तयार प्रार्थना लागते. फळ्यावर रोज एक सुवचन असते, ते नेहमी गोड असते. ज्या मुलाच्या घरी रात्री कोणी गेले आहे, कर्जवाला येऊन बसला आहे, त्याला त्या फळ्यावर स्वतःचे काही सापडत नाही. आपल्या शाळेत हिंदू, मुसलमान, बौद्ध मुले नेहमीच जास्त होती. बाईंनी कोणावर काही लादले नाही. पण देवाला जाब विचारता येतो हे त्या सगळ्यांनी त्यांच्याकडून ऐकले होते, आणि त्यांतले कितीतरी जण अजून मला ते बोलून दाखवतात.

म्हणून समितीला मी एक विनंती केली आणि मुख्याध्यापकांनी ती मान्य केली आहे. शताब्दीच्या दिवशी परिपाठाला हबक्कूकचे तिन्ही अध्याय सलग वाचले जातील. 56 वचने आहेत, फार वेळ लागत नाही. आठवीतली एक मुलगी वाचणार आहे. बाई येणार आहेत. त्यांना आता कमी ऐकू येते आणि स्पीकरच्या आवाजाने त्रास होतो, तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांची खुर्ची व्यासपीठावर न ठेवता वाचणाऱ्या मुलीच्या शेजारी, उजव्या कानाच्या बाजूला ठेवावी.