आर्डमोरचा दगड आणि उसना रेनकोट

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून निघालो, यॉलच्या पुढे ब्लॅकवॉटर नदी ओलांडली आणि वॉटरफर्ड काउंटीत शिरलो. आर्डमोर एवढंसं गाव. एक रस्ता, चार दुकानं आणि समोर समुद्र. पाऊस मात्र मापात नव्हता.

गावाचं मूळ सेंट डेक्लनच्या मठात. आयर्लंडचा मुख्य संत मानल्या जाणाऱ्या सेंट पॅट्रिकच्याही आधी, पाचव्या शतकात, डेक्लनने इथे ख्रिस्ती धर्म आणला असं परंपरा सांगते. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, गावाचं आहे. टेकडीवरचा गोल मनोरा बाराव्या शतकातला, सुमारे 30 मीटर उंच, आणि दार जमिनीपासून जवळजवळ चार मीटर वर! 1642 च्या वेढ्यात लोक याच मनोऱ्यात दडून लढले होते. शेजारच्या पडक्या कॅथेड्रलच्या भिंतीवर आदम-इव्ह कोरलेत. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे चेहरे पार पुसलेत. जवळच्या छोट्या प्रार्थनाघरात डेक्लनची समाधी आहे म्हणतात. रोगराईपासून राखण म्हणून तिथली माती भाविकांनी पिढ्यान् पिढ्या इतकी नेली की जमिनीत खड्डाच उरला. आमच्या आजीने तरी काय केलं असतं? पुडी बांधून देव्हाऱ्यात ठेवली असती.

खरी गंमत किनाऱ्यावर. दोन खडकांवर टेकलेला एक मोठा धोंडा. डेक्लनची विसरलेली घंटा घेऊन हा म्हणे वेल्सहून लाटांवर तरंगत आला. ओहोटीला त्याच्या खालून सरपटत गेलं की पाठदुखी जाते. नवऱ्याची कंबर महिनाभर धरलेली, त्यामुळे तो वाकायच्या तयारीतच होता. तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. हसत म्हणाले, "अंगावर चोरीचं किंवा उसनं काही असेल तर गुण येत नाही हं!"

आम्ही दोघांनी एकदम त्याच्या अंगातल्या रेनकोटाकडे पाहिलं. शेजाऱ्यांचा. 'उद्या देतो' म्हणून आणलेला, त्याला आता सात महिने झाले होते.

"काढ की," मी म्हटलं.

"एवढ्या पावसात?"

काढला नाही. तसाच आडवा झाला, निम्मा आत गेला, अडकला आणि ओल्या वाळूतून उलटा बाहेर आला. आजोबांनी कुत्र्याकडे पाहिलं. परतीच्या गाडीत मी ड्रायव्हिंग केलं, तो मागच्या सीटवर आडवा.

रेनकोट धुऊन खुंटीला टांगलाय. आता तो वाळूचे डाग कसे पडले हे सांगितल्याशिवाय परत कसा करायचा?