परडी, पापड आणि पायपुसणे

माझे पहिले पायपुसणे जमिनीवर ठेवले की त्याची कड सगळ्या बाजूंनी चार बोटे वर उचललेली राहत असे. त्यात अर्धा किलो कांदे सहज मावले असते. दोन आठवडे खपून, बोटांना टोचून घेऊन केलेली ती वस्तू मी मोठ्या हौसेने इचलकरंजीच्या मावशीला दाखवली, तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “अगं, ही तर परडी झाली. जोगवा मागायला निघालीस की काय?” मग जरा थांबून तिने विचारले, “मांडीवर घेऊन शिवलंस ना?” मी हो म्हणाले. “मग ते मांडीचंच माप घेणार. पुसण्याला जमीन दाखवायची असते.”

जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडून, त्यांची तीनपेडी वेणी घालून, ती वेणी स्वतःभोवती वेटोळी करत टाचत गेले की पायपुसणे होते, इतके सोपे हे काम मला वाटले होते. वेणी तर शाळेत असल्यापासून रोज घातलेली. वेणीत चुकण्यासारखे खरोखरच फारसे काही नाही. पायपुसणे बिघडते ते वेणीच्या आधी, म्हणजे कापड निवडताना आणि पट्टी फाडताना, आणि वेणीनंतर, म्हणजे जोडताना. हे कळायला मला तीन पायपुसणी करावी लागली.

कापड आजीचे होते. ट्रंकेत तिची तीन लुगडी निघाली, त्यांतले एक हिरवे इरकली. तिन्ही कासोट्याच्या जागी विरलेली आणि निऱ्यांच्या खालच्या घेरावर फाटलेली होती, कारण नऊवारी झिजते ती बसण्याच्या आणि जमिनीला घासण्याच्या जागी. बाकीचे अंग पुष्कळदा शाबूत असते. पायपुसण्याची कल्पना आईला रुचली नाही. “आईच्या लुगड्याला पाय पुसायचे का?” असे ती म्हणाली आणि गप्प बसली. तिची समजूत मावशीनेच घातली, आणि तीही हळवे न होता. “ताई, तिनं स्वतः किती लुगड्यांची पुसणी केली, विसरलीस? चांगलं तेवढं गोधडीला, उरलेलं पायाला.” आम्ही मग तसेच केले. मऊ, एकसंध तुकडे गोधडीसाठी बाजूला काढले आणि उरलेल्यातून पट्ट्या फाडायला घेतल्या.

पट्टी फाडायचीच असते, कापायची नव्हे. साध्या विणीचे सुती कापड कात्रीने जरासे चिरून दोन्ही हातांनी ओढले की एका धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. कात्रीने तेच केले तर आठ मीटरच्या लांबीत पट्टी कुठे दोन इंच, कुठे चार इंच होते. फाडताना कापसाची बारीक धूळ बरीच उडते, म्हणून हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून करावे. कापडाचा जीव किती उरला आहे हेही फाडतानाच कळते. चांगले सूत फाटताना चर्र असा कोरडा आवाज करते. जे कापड आवाजच न करता हातात येते ते मेलेले समजावे आणि सरळ फरशी पुसायला लावावे, असे मावशी सांगते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला असे म्हणतात, आणि मावशीचा संसार त्या मागांच्या खडखडाटातच गेला आहे, त्यामुळे कापडाबाबतचे तिचे कान मी प्रमाण मानते.

इरकलीने मात्र आमची जिरवली. या लुगड्याचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. मी अंगाकडून फाडत गेले आणि त्या जोडापाशी येताच पट्टी सरळ रेषा सोडून भलतीकडेच वळली. तिथे कात्री लावून पदर आधीच वेगळा करायला हवा होता. काठही तसाच वेगळा काढावा. तो अंगापेक्षा घट्ट आणि गुळगुळीत असल्याने सुती पेडांबरोबर वेणीत बसत नाही, निसटून वर येतो. काठांची स्वतंत्र वेणी घालून ती अगदी बाहेरच्या फेरीला लावली तर दिसतेही छान आणि कड लवकर झिजतही नाही.

पट्टीच्या रुंदीची माझी चूक ही परदेशी शिकवणीची होती. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात वेणीचे गालिचे घरोघरी करण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि त्या पद्धतीचे वर्णन वाचून मी दीड इंचाच्या पट्ट्या फाडल्या. पण तिकडचे माप जाड लोकरी कापडाचे आहे. त्यांचे जुने कोट, घोंगड्या आणि स्कर्ट, आणि आमचे तीस वर्षे धुतलेले लुगडे! दीड इंचाच्या पट्ट्यांची वेणी परकराच्या नाडीएवढी झाली. तिकडे जाड कापडाच्या कडा नीट आत दुमडल्या जाव्यात म्हणून पट्ट्या ओवायला पत्र्याचे लहान शंकू वापरतात. मऊ लुगड्याला त्याची गरज नाही, पेडाला बोटाने हलका पीळ देत गेले की सुटे दोरे आपोआप पोटात जातात. आपल्या सुती साडीला तीन इंच, म्हणजे चार बोटांची पट्टी ठीक बसते आणि तिची वेणी सुमारे दोन सेंटीमीटर रुंद होते. टी-शर्टच्या होजिअरी कापडाला दोन इंच पुरतात. ते फाटत नाही, कापावे लागते, पण ताणले की स्वतःच गुंडाळले जाऊन त्याची सुबक दोरी होते. पॉलिएस्टरची साडी या कामात घेऊच नये. ती पाणी पीत नाही, आणि पाणी न पिणाऱ्या पायपुसण्याचा उपयोग काय?

किती कापड लागेल, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, म्हणून माझा हिशेब इथे सविस्तर देते. दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब, दोन्ही टोकांना गोलाई असलेले पायपुसणे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,६०० चौरस सेंटीमीटर होते. वेणी दोन सेंटीमीटर रुंद असेल तर तेवढी जागा भरायला २३ मीटर वेणी लागते. वेणी घालताना कापड आखडते. माझ्या हाताने तीन मीटरच्या पट्टीची साधारण दोन मीटर दहा सेंटीमीटर वेणी झाली. तुमचा हात घट्ट असेल तर याहून कमी होईल, म्हणून आधी एक पट्टी करून मोजावी. या हिशेबाने एका पेडाला ३३ मीटर पट्टी लागते. नऊवारी सव्वाआठ मीटर लांब, म्हणजे तिच्या तीन इंची चार पट्ट्यांत एक पेड भागतो. सहावारी असेल तर सहा पट्ट्या. तिन्ही पेड एकाच लुगड्यातून काढायचे तर पंचेचाळीस इंच पन्ह्यातून बारा पट्ट्या काढून तीन उरतात, पण ते लुगडे कुठेही विरलेले नसेल तरच. आणि तसे असेल तर ते फाडायचे कशाला?

पट्ट्या एकमेकींना जोडायच्या दोन रीती आहेत. दोन्ही टोकांना काजासारखी चीर देऊन एकातून दुसरे ओवून ओढणे ही झटपट रीत. पण त्याची गाठ वेणीत सुपारीसारखी उठते आणि अनवाणी पायाला नेमकी तीच टोचते. दोन्ही टोके काटकोनात ठेवून, तिरकी शिवण घालून, जास्तीचे कापड कापून टाकावे. तिरक्या जोडात कापडाची जाडी एका जागी साठत नाही. तिन्ही पेडांचे जोड एकाच ठिकाणी येऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या पट्ट्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या घ्याव्यात. एका वेळी हाताशी दोन-तीन मीटरच मोकळे ठेवून बाकीची पट्टी गुंडीसारखी गुंडाळून दोऱ्याने बांधावी, नाही तर तीन शेपट्या एकमेकींत असा गुंता करतात की वेणी घालण्यापेक्षा तो सोडवण्यातच संध्याकाळ जाते. वेणीचे तोंड मी खिडकीच्या गजाला बांधते. मावशी पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि गप्पा मारता मारता, वेणीकडे न बघता, हातभर पुढे जाते.

आता जोडणी. इथेच माझी परडी झाली होती, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिली गोष्ट म्हणजे सुई कापडात घुसवायची नाही. वेणीच्या कडेला प्रत्येक पेड वळतो तिथे एक छोटी कमान दिसते; मावशी तिला ‘घर’ म्हणते. दोरा आतल्या फेरीच्या एका घरातून काढायचा, मग बाहेरच्या वेणीच्या समोरच्या घरातून, पुन्हा आतल्या. असा नागमोडी चालवत ओढून घ्यायचा. दोरा घरांच्या आत लपतो, वरून दिसत नाही, पायपुसणे दोन्ही बाजूंनी सारखे होते आणि पायाखाली दोरा झिजत नाही. यासाठी मी दाभण घेतला आणि त्याचे टोक ओट्याच्या कडाप्प्याच्या खालच्या कडेवर घासून बोथट केले, कारण अणकुचीदार टोक हटकून पेडात शिरते. दोरा गोधडीचा जाड, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला.

दुसरी गोष्ट गणिताची आहे, आणि ती मला शाळेत येत होती पण हातांना माहीत नव्हती. वेटोळ्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ठरावीकच अंतराने मोठी होते, आणि ते अंतर म्हणजे दोन पाय (वर्तुळाच्या गणितातला π) गुणिले वेणीची रुंदी. दोन सेंटीमीटरच्या वेणीला ते साडेबारा सेंटीमीटर येते. पायपुसणे बशीएवढे असो की खोलीएवढे, गोल असो की लांबट, दर फेरीला वाढ साडेबाराच सेंटीमीटरची. मी काय केले होते, तर घराला घर लावत गेले होते; म्हणजे बाहेरच्या फेरीला ही जास्तीची लांबी मिळालीच नाही, ती आवळत गेली आणि कड वर उठली. मांडीच्या खोलगटपणाने त्याला हातभार लावला. गोलाईवर नव्या वेणीचे एखादे घर सोडून पुढच्या घरात दोरा घालायचा, की बाहेरच्या फेरीला हवी तेवढी लांबी मिळते. माझ्या वेणीत एक घर सुमारे दोन सेंटीमीटरचे असल्याने दर फेरीला सहा घरे सोडावी लागतात. लांबट पायपुसण्यात ती दोन टोकांना तीन-तीन अशी, आणि सरळ बाजूंवर एकही नाही. सोडलेली घरे दर फेरीला एकाच जागी आली तर तिथे कोपरे निघतात, म्हणून ती थोडी पुढेमागे सरकवावीत.

हे कळल्यावर दुसऱ्या पायपुसण्यात मी उत्साहाने इतकी घरे सोडली की त्याची कड तळलेल्या पापडासारखी झाली. तिसरे मी दिवाणखान्याच्या फरशीवर मांडून केले. दर फेरीनंतर तळहात ठेवून दाबून पाहायचे. मध्ये फुगले तर कड आवळलेली, कड हलली तर घरे जास्त सुटलेली. चुकलेली फेरी तेव्हाच उसवावी. पुढच्या फेरीत सांभाळून घेऊ, असे मी दोनदा म्हटले आणि दोन्ही वेळा ते सांभाळले गेले नाही.

लांबट आकाराची सुरुवात किती लांब वेणीपासून करायची याला सोपे उत्तर आहे. लांबी आणि रुंदी यांतला फरक घ्यायचा. दोन बाय तीन फुटांसाठी मधली सरळ वेणी एक फुटाची. शेवट करताना शेवटच्या वीतभर अंतरात तिन्ही पट्ट्या कात्रीने हळूहळू अरुंद करत न्याव्यात, उंदराच्या शेपटीसारखी झालेली ती वेणी आधीच्या फेरीच्या घरांत ओवून पोटात घ्यावी आणि वर चार टाके मारावेत.

रंगांबद्दल एकच सांगते, कारण ते मला महागात पडले. फाडण्याआधी प्रत्येक कापड वेगळे धुऊन पाहावे. तिसऱ्या पायपुसण्यात दोन पेड लुगड्यांचे, एक हिरवा आणि एक तांबूस, आणि तिसरा बाबांच्या जुन्या धोतराचा, पांढराशुभ्र. पहिल्याच धुण्यात तांबड्याने रंग सोडला आणि धोतर गुलाबी झाले. बाबांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही, फक्त जाता-येता ते त्यावरून पाय वाचवून चालतात.

वापराच्या दोन अडचणी आहेत. सुती वेणीचे पायपुसणे ओले झाले की फार जड होते, आणि दोरीवर टांगले तर वजनाने ओढले जाऊन त्याचा आकार जातो. गच्चीवर पसरूनच वाळवावे लागते. पावसाळ्यात त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि मधल्या काळात कुबट वास येतो, त्यामुळे न्हाणीघराशी दोन लहान पायपुसणी आलटून पालटून वापरणे बरे. दुसरी अडचण घसरण्याची. गुळगुळीत टाइल्सवर वेणी सरकते, म्हणून आईच्या खोलीशी ठेवलेल्या पायपुसण्याखाली मी रबरी जाळी अंथरली आहे. आईने ते आठ दिवस ओलांडून जाण्यात घालवले. परवा पहाटे मी पाहिले, तर ती त्यावर उभी राहून हिरव्या काठाची फेरी पायाच्या बोटांनी चाचपत होती. “कड जरा उचलली आहे बघ इथे,” ती म्हणाली. खरोखरच उचलली होती. शेवटच्या फेरीत एक घर सोडायचे राहिले होते.