टेपवरचे वीस मीटर

पाण्यातून वर आल्यावर बोटीतच मी आणि माझ्या डायव्हिंगच्या जोडीदारिणीने आपापल्या पाट्या शेजारी शेजारी धरल्या. समुद्रतळावर अंथरलेला मोजणीचा टेप एकच, वीस मीटरचा. जाताना मी मोजत गेले आणि ती माझ्या मागे होती. परतताना ती मोजत आली, मी मागे. पोराइट्स प्रवाळाच्या वसाहती माझ्या पाटीवर चार, तिच्या पाटीवर अकरा. सरांनी दोन्ही पाट्या पाहिल्या, खोडरबर मागितला आणि म्हणाले, "यातला एकही आकडा वहीत जाणार नाही. उद्या परत."

डिसेंबर होता. डायव्हिंगचं साधं कार्ड मला केव्हाच मिळालं होतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढलेली मुलगी, बाबांची होडी, शेजारी रापण ओढणारी माणसं. समुद्र मला कुणी शिकवावा असं मला वाटत नव्हतं. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की पाण्याखाली जाता येणं वेगळं आणि पाण्याखाली काम करता येणं वेगळं.

पीएचडीसाठी मला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरची प्रवाळं दर वर्षी त्याच जागी मोजायची आहेत. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि बहुतेक अन्न तेच पुरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. किती पांढरी पडली, किती सावरली, किती मेली हे कळायला आधी किती होती ते माहीत हवं. आता समजा, वहीत चार लिहिले असते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी अकरा मोजले असते, तर कुणालाही वाटलं असतं की सगळं छान वाढतंय. ही भीती मला अजून वाटते.

आमच्या सरांनी प्रशिक्षणासाठी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेस या संस्थेची मानकं समोर ठेवली होती. तिथल्या विद्यापीठांत संशोधक डायव्हर व्हायला किमान १०० तासांचं प्रशिक्षण आणि देखरेखीखालच्या किमान १२ खुल्या पाण्यातल्या डाइव्ह लागतात. त्याआधी पोहण्याची चाचणी, तीही फिन्स, म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख, न लावता: ३६६ मीटर १२ मिनिटांच्या आत, पाण्याखालून २३ मीटर एका दमात, दहा मिनिटं जागच्या जागी तरंगणं, आणि आपल्याच वजनाच्या, हातपाय न हलवणाऱ्या माणसाला २३ मीटर ओढत नेणं. ३६६ मीटरला मला पहिल्या वेळी साडेतेरा मिनिटं लागली. लहानपणापासूनचं माझं पोहणं म्हणजे डोकं वर ठेवून हात मारणं. ते मोडायला आणि तोंड पाण्यात घालून श्वास बाजूला घ्यायला जून-जुलै पूर्ण गेले. तिसऱ्या प्रयत्नात अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

वैद्यकीय तपासणीचा अर्ज घेऊन आधी मी गावाजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि सही केली. सरांनी तो अर्ज परत पाठवला: कान, सायनस, फुप्फुसं कुणी तपासली? दुसऱ्या डॉक्टरांनी दोन दिवस घेतले, लहानपणीच्या दम्याबद्दल खोदून विचारलं. तेव्हा राग आला होता. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगत दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुसाचा एखादा कोपरा हवा अडवून धरणारा असेल तर तो फाटतो. हे वाचलं आणि त्या डॉक्टरांच्या प्रश्नांचं महत्त्व कळलं.

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून ऑगस्टभर तलाव. मास्क काढा, घाला, त्यातलं पाणी नाकाने फुंकून काढा. जोडीदारिणीची हवा संपली असं समजून आपला जादा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून सिलिंडरची हवा घ्यायचं साधन, तिला द्या. बेशुद्ध माणसाला वर आणा, बाहेर काढा, ऑक्सिजन लावा, छाती दाबा, तीस दाबांना दोन श्वास. हे सगळं इतक्या वेळा केलं की घरी भांडी घासतानाही हात तो क्रम आठवायचे. अंगठा वर केला की त्याचा अर्थ "छान" नाही, "वर चला", हेसुद्धा अंगात मुरायला वेळ लागतो.

पण सर्वांत जास्त वेळ गेला तो नुसतं स्थिर राहण्यात. तळापासून हातभर वर, आडवं, फिन्स न हलवता, फक्त श्वासावर. श्वास घेतला की अंग थोडं उचलतं, सोडला की बसतं. कमरेला किती शिसं, जाकिटात किती हवा, हे जुळेपर्यंत मी कधी तळाला घासत होते, कधी फुग्यासारखी वर जात होते. तलावात घासलं तर फरशी. समुद्रात गुडघा टेकला तर त्याखाली वीस-तीस वर्षांचं प्रवाळ असू शकतं, आणि फिनचा एक फटका गाळ उठवून पुढची दहा मिनिटं आंधळी करतो.

माशांची लांबी ओळखायची तालीमही तलावातच झाली. मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि जवळ भासते. सरांनी पाइपचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापून दोरीला लटकवले होते. आम्ही लांबून बघायचं, अंदाज पाटीवर लिहायचा, मग मोजपट्टी. पहिल्या दिवशी माझा पंधरा सेंटिमीटरचा प्रत्येक तुकडा वीसचा होता. पाटी म्हणजे पॉलिश पेपरने घासलेला पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा, त्याला दोऱ्याने बांधलेली साधी पेन्सिल. ती पाण्याखाली उत्तम लिहिते. प्रवाळांच्या नावांसाठी मी मराठी अक्षरं ठरवली: पो, ट, गो, फे. पोराइट्स, टर्बिनारिया, गोनिएस्ट्रिया, फेविटीस. इंग्रजी अक्षरांपेक्षा ती मला पटकन सुचतात.

मग समुद्र उघडला. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात ये-जा करतं आणि गाळ उठतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत ते शांत असतं. म्हणून आमच्या डाइव्ह सप्तमी-अष्टमीच्या आसपास, सकाळी, खारा वारा सुटण्याआधी. सरांकडे भरतीचं छापील कोष्टक असायचं, बाबांकडे बोटांची पेरं. उत्तर बहुधा जुळायचं. एकदा कोष्टकाप्रमाणे सगळं ठीक होतं, पण बाबा किनाऱ्यावरूनच म्हणाले, "आज पाणी गढूळ आसा. काय दिसूचां नाय." आम्ही गेलो. पसरलेल्या हाताची बोटं दिसत नव्हती. सरांनी दोन मिनिटांत सगळ्यांना वर काढलं, आणि पुढच्या वेळेपासून बोट ठरवण्याआधी बाबांना फोन जायला लागला.

चार आणि अकराची गोष्ट याच्यानंतरची. संध्याकाळी सरांनी आम्हाला प्रवाळाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "टेपच्या सातव्या मीटरला तुझ्या सिलिंडरमध्ये किती हवा होती?" मला माहीत नव्हतं. "जोडीदारीण कुठे होती?" मागे, बहुतेक. "मग तू काय बघत होतीस?" मी आठवून पाहिलं. लाटेचा हेलकावा मला टेपवरून एकदा इकडे, एकदा तिकडे नेत होता आणि माझं सगळं लक्ष टेप हातातून सुटू न देण्यात होतं. त्यामधून जे प्रवाळ समोर आलं ते मी मोजलं, आणि जे हेलकाव्यात मागे गेलं ते गेलंच.

पुढचे चार दिवस आम्ही काहीही मोजलं नाही. त्याच टेपवर नुसतं जायचं, यायचं. हेलकाव्याशी भांडायचं नाही. तो नेईल तेव्हा थांबायचं, परत आणेल तेव्हा बघायचं. दर पाच मीटरला हवा, खोली, जोडीदारीण, मग पुढचे पाच. मधे एक दिवस सर्दी होती तरी मी उतरले, तीन मीटरवर कानात सुरी फिरल्यासारखं झालं आणि वर आले. कुणी रागावलं नाही. फक्त माझ्या नावापुढे आठवडाभर "बोटीवर" लिहिलं गेलं, तेही योग्यच होतं.

जानेवारीच्या अष्टमीला पुन्हा मोजलं. माझे दहा, तिचे अकरा. यावेळी सर पुसायला उठले नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना त्या एका जागी परत पाठवलं. सरगॅसम या समुद्री शैवालाच्या तपकिरी झुडपाखाली एक वसाहत मधे मेलेली होती, दोन्ही बाजूंना जिवंत. मी तिला एक धरलं होतं, तिने दोन. बोटीवर बसून आम्ही नियम लिहिला: जिवंत भाग कुठेही जोडलेला नसेल तर वेगळी वसाहत. वहीत अकरा गेले, आणि खाली तो नियम.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, नेमके कुठे गेला होता? मी खुणा सांगितल्या: किल्ल्याचा अमुक बुरुज आणि मागचा माड एका रेषेत आले की डावीकडे. ते हसले. "थंयच माझां जाळां फाटलेलां." मग त्यांनी माझी पाटी मागून घेतली, पालथी केली, आणि जाळी फाडणाऱ्या आणखी तीन खडपांच्या खुणा एकेक करून सांगितल्या. मी लिहून घेत होते.