दोन रकान्यांत एकच आकडा

परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे डिस्लेक्सियाचे (वाचन-लेखनातील अडचणीचे) मूल्यमापन अहवाल तपासणे हे माझे काम आहे. हल्ली मी निष्कर्षाकडे वळण्याआधी तक्ते वाचतो, कारण निष्कर्षाची वाक्ये अनेकदा एका अहवालातून दुसऱ्यात जशीच्या तशी उतरलेली असतात.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या अहवालात सुट्या शब्दांच्या वाचनाचे प्रमाणित गुण ७८ होते आणि शेजारच्या पर्सेंटाईलच्या रकान्यातही ७८च. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ असलेल्या मोजपट्टीवर ७८ गुण म्हणजे सुमारे ७ पर्सेंटाईल, म्हणजेच त्याच वयाच्या शंभरांपैकी सुमारे ९३ जण तिच्या पुढे. मूल्यमापकाने दुसरा ७८ खरा धरून ‘वाचन सरासरीहून चांगले, सवलतीची गरज नाही’ असा शेरा मारला होता. वाचनाचा वेग मोजलेला नव्हता. निरर्थक शब्दांचे वाचनही घेतलेले नव्हते. वास्तविक शब्द नजरेने पाठ झालेला आहे की अक्षरांवरून उलगडला जातो आहे, हे तिथेच कळते. बुद्ध्यांकाला मात्र तीन पाने दिली होती. अशा कामाला मी निष्काळजीपणाच म्हणतो.

विद्यार्थिनीला बोलावून एक उतारा वाचायला दिला. ओळीखाली बोट धरून ती सावकाश, पण जवळजवळ बिनचूक वाचत गेली आणि एका अनोळखी आडनावापाशी अडली. पहिले अक्षर उच्चारले, थांबली, बोट ओळीच्या सुरुवातीला नेले, पुन्हा तिथेच थांबली. “सर, बाकीचे शब्द मागच्यापुढच्यावरून ओळखता येतात,” ती म्हणाली, “नावाचा अंदाज बांधता येत नाही.” चौदा पानांच्या अहवालात तिच्या अडचणीचे इतके नेमके वर्णन कुठेही नव्हते.

तक्त्यातील गुणांच्या आधारे मी तिला तात्पुरता वाढीव वेळ मंजूर केला, वेगाची चाचणी नव्याने घ्यायला सांगितले आणि अहवाल दुरुस्तीसाठी परत पाठवला. चार दिवसांनी तो आला. पर्सेंटाईलच्या रकान्यात ७ आले होते; निष्कर्षातले वाक्य तसेच होते.

तेव्हापासून त्याच मूल्यमापकाचे जुने अहवाल काढून मी एकेक तक्ता पुन्हा तपासतो आहे. त्यांतल्या दोन विद्यार्थ्यांना मीच सवलत नाकारली होती, केवळ निष्कर्ष वाचून.