यम भाषा, महिना दुसरा: एकसष्ट बटाटे

यम नावाच्या कुळातल्या भाषा शिकतोय. घरी नावावरून चेष्टा झालीच, तर आधी तेवढं सांगतो. हा रेड्यावर बसणारा यम नव्हे. यम म्हणजे कोनफळ-कणगरीच्या जातीचा कंद, शिवाय त्या भाषांत 'यम'चा अर्थ रीतभात असाही होतो. पापुआ न्यू गिनीचा नैऋत्य कोपरा आणि सीमेपलीकडची इंडोनेशियाची पट्टी, एवढाच या कुळाचा पसारा. शाखा तीन: येई, नांबू, तोंडा.

या महिन्यात तोंडा शाखेतल्या कोम्न्झो भाषेचे अंक घेतले. मोजणी सहाच्या पटीत: निबो ६, फ्ता ३६, तारुबा २१६, दाम्नो १२९६, वॅरॅमॅकॅ ७७७६. पाठ दोन संध्याकाळींत झाले, पण वापरता येईनात. आकडा ऐकला की मन आधी दहाच्या पाढ्यावर जायचं.

मग भाषाशास्त्रज्ञ ख्रिस्टियान डोयलर यांच्या २०१८ च्या कोम्न्झो व्याकरणात कंद मोजायची पद्धत सापडली. दोन माणसं तीन-तीन कंद उचलतात, एकदम ठेवतात, झाले सहा. असे सहा फेरे म्हणजे एक फ्ता, आणि खुणेला एक कंद बाजूला. वाचलं आणि आजोळची अढीच डोळ्यांपुढे आली! मामा दोन्ही हातांत तीन-तीन आंबे घेऊन फाडी मोजायचा, पहिल्या फाडीला 'लाभ' म्हणायचा.

रविवारी लेकीला समोर बसवून बटाटे मोजले. पहिल्यांदा ६२ भरले, दुसऱ्यांदा ६१. खुणेचा बटाटा तिने परत न मोजलेल्या ढिगात टाकला होता. एक फ्ता, चार निबो, वर एक. हातांनी मोजल्यावर दहा आठवलेच नाहीत.

आता नांबू शाखेतली नेन भाषा. 'नेन' म्हणजे 'काय', शेजारच्या 'नामा'चा अर्थही 'काय'. त्या हिशेबाने आपली भाषा 'काय' आणि गोवेकरांची 'कितें'.

नेनचं क्रियापद मात्र घाम काढतंय. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलं, तिथे द्विवचनाला स्वतःचा प्रत्यय होता. इथे पुढचा भाग सांगतो 'एक की अनेक', मागचा सांगतो 'दोन की दोन नव्हे'. दोन्ही जुळवल्यावर द्विवचन हाती लागतं. कालच्या नऊ रूपांत पाच चुकली. पाचही वेळा मी नुसता पुढचा भाग बघून मोकळा झालो होतो.