अ‍ॅक्सलच्या फॉर्ममधला तो एक रकाना

आमच्या ट्रेलरसाठी नवा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं धरणारा आडवा कणा, बनवून मागवायच्या फॉर्ममध्ये सतरा रकाने होते. सोळा मी पहिल्याच संध्याकाळी भरले. सतराव्यापायी नवा अ‍ॅक्सल यायला अकरा आठवडे लागले. आज आमचा ट्रॅव्हल ट्रेलर नव्या अ‍ॅक्सलवर उभा आहे, बाजूला आम्ही हाताने बांधलेला, बाहेर स्वयंपाक करायचा ओटा आहे, सगळं नीट चाललंय, तरी तो रकाना आठवला की अजून डोकं तापतं. म्हणून लिहितेय. तुमचा टॉर्शन अ‍ॅक्सल बसला, म्हणजे थकून खाली दबला असेल तर फॉर्मला हात लावण्याआधी हे वाचा.

आमचा बसलाय हे कळायलाच वेळ गेला. उजवं चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यात पूर्वी अख्खी मूठ जायची, आता जेमतेम दोन बोटं जात होती. टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाला होता आणि बाहेरच्या खाचा शाबूत होत्या. मी हवेच्या दाबाला दोष देत राहिले, ती चूक होती. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. एकट्या आतल्या कडेने टायर खाल्ला जातो तेव्हा चाक वरून आत कललेलं असतं, म्हणजे अ‍ॅक्सल वाकलाय, बसलाय किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे.

स्प्रिंगच्या पाट्यांचा अ‍ॅक्सल असता तर प्रकरण सोपं होतं, पाटे बदलता येतात. टॉर्शनचं तसं नाही. एका चौकोनी नळीत दुसरा चौकोनी दांडा तिरका बसवलेला असतो आणि दोघांच्या मधल्या चार कोपऱ्यांत रबराच्या जाड दोऱ्या दाबून भरलेल्या असतात. चाक ज्या लोखंडी हातावर (दांड्याला जोडलेल्या आखूड पट्टीवर) असतं तो हात वर गेला की दांडा पिळला जातो, रबर दबतं आणि तेच स्प्रिंगचं काम करतं. फिरताना धक्के फार कमी लागतात, म्हणूनच आम्हाला तो आवडला होता. पण वय आणि ओझं यांनी रबर एकदा थकलं की ते पुन्हा उसळत नाही आणि गॅरेजमध्ये बदलताही येत नाही. अख्खा अ‍ॅक्सल नवा मागवावा लागतो, तोही तुमच्या मापाने बनवून. म्हणून फॉर्म.

सतरावा रकाना होता ‘सुरुवातीचा कोन’. ट्रेलर उचलला, चाकं अधांतरी लटकली की हात आडव्या रेषेपासून किती अंश खाली झुकतो, तो हा कोन. ट्रेलर जमिनीपासून किती उंच उभा राहणार हे त्यावर ठरतं. मी लिहिलं, ‘जुन्याप्रमाणे’. मला ते पुरेसं स्पष्ट वाटलं होतं. नऊ दिवसांनी फॉर्म परत आला: रकाना अपूर्ण. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की परत आलेला फॉर्म पुन्हा पाठवला की तो रांगेत शेवटी जातो. तुमचा जुना क्रमांक रद्द, नवा क्रमांक, नवी वाट.

मग मी मोजायला बसले. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडूनच ठेवला, चासिसखाली जॅक आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावले. (जॅक कधीही टॉर्शन अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका, नळी वाकते. चासिसलाच लावायचा.) डिजिटल कोनमापक आधी चासिसवर ठेवून शून्य केला, मग हातावर ठेवला. हे शून्य करणं विसरू नका. ट्रेलरचं नाक जरा वर-खाली असलं तरी तेवढे अंश उत्तरात मिसळतात. उजवा हात आला ४ अंश खाली आणि डावा ११ अंश. दोन बाजूंना दोन आकडे, आणि फॉर्मवर रकाना एकच. नवरा म्हणाला, “अगं, डावा कमी बसलाय, तोच खऱ्याच्या जवळचा असणार.” मी सरासरी काढून ८ लिहिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, ८ अंशांचा अ‍ॅक्सल बनवला जात नाही. कोणकोणत्या अंशांचे बनतात, ते मात्र त्या पत्रात लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मला खरी गोष्ट उमगली, आणि ती मला कुणीच आधी सांगितली नाही याचा राग अजून आहे. बसलेल्या अ‍ॅक्सलवर सुरुवातीचा कोन मोजता येतच नाही. रबर थकल्यामुळे हात वरच अडकलेला असतो, खाली झुकत नाही. तुम्ही मोजता तो बिघाडाचा कोन. तो आकडा लिहून कुणी अ‍ॅक्सल मागवला आणि तो बनून आला, तर नवाकोरा अ‍ॅक्सलही ट्रेलरला खालीच बसवेल. फॉर्म तपासणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच. रकान्याखाली ‘जुना अ‍ॅक्सल बसला असल्यास पट्टीवरचा अनुक्रमांक द्या’ एवढी एक ओळ छापली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

कारण अनुक्रमांकावरून मूळ बनावटीचा सगळा तपशील निघतो. नळीच्या मागच्या बाजूला, साधारण मध्यावर, एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते. आमची गंजून तपकिरी झाली होती. मी तारेच्या ब्रशने घासायला गेले आणि पहिल्याच फटक्यात एक कोपरा भुगा होऊन पडला. तिथेच थांबले. कापडावर केरोसीन घेऊन हलक्या हाताने पुसलं, वाळू दिलं, पातळ कागद वर धरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासली. शाळेत नाण्यांचे ठसे काढायचो, तसंच. पाठीवर झोपून, छातीवर टॉर्च ठेवून मी असे सहा कागद काढले. चौथ्यावर शेवटचे पाच आकडे उमटले, सहाव्यावर सुरुवातीची दोन अक्षरं. तो कागद हातात घेऊन ट्रेलरखालून बाहेर आले तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. मूळ कोन निघाला २२.५ अंश खाली.

पट्टी पार गेलीच असेल तर उंचीवरून हिशेब करता येतो. आमच्या हाताची लांबी, फिरण्याच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत, ६ इंच. हात आडवा असेल तर चाक नळीच्या पातळीत. २२.५ अंश खाली असेल तर चाक सुमारे ५८ मिलिमीटर खाली जातं आणि ४५ अंश असेल तर १०८. म्हणजे २२.५ ऐवजी ४५ निवडला की रिकामा ट्रेलर साधारण ५० मिलिमीटर उंच बसतो. हा मोह आम्हालाही झाला होता, पण उंची वाढली की हिचची, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या जागेची, उंचीही वाढवावी लागते. ट्रेलर ओढताना सपाट असला पाहिजे, नाक वर करून चालवायचा नाही.

तिसरा फॉर्म दहा दिवसांनी मंजूर झाला. त्यावर कुणाची तरी सही होती आणि एक शब्दही नव्हता. पुढचे पाच आठवडे अ‍ॅक्सल बनण्यात गेले. ते मी कुरकुर न करता काढले, कारण तिथे खरंच काम चालू होतं.

बाकीच्या मापांबद्दल आता आठवलं म्हणून सांगते. एका हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचं माप चाकं काढूनच घ्या. तोंड म्हणजे चाक ज्या पृष्ठभागाला टेकतं तो, ब्रेकच्या ड्रमची बाहेरची बाजू. टायरच्या बाहेरून मोजलेलं चालत नाही. नळी वाकलेली असेल तर दोन्ही ड्रमवर सरळ पट्टी धरून पुढून आणि मागून अशी दोनदा मोजणी करा. आमच्या पुढच्या-मागच्या मापांत ६ मिलिमीटरचा फरक आला. पाच नटांच्या चाकाला नट समोरासमोर येत नाहीत, म्हणून नटांच्या वर्तुळाचा व्यास थेट मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७ ने गुणा. आमचं ६७ मिलिमीटर आलं, म्हणजे व्यास ११४, म्हणजेच साडेचार इंचांचं वर्तुळ.

मुळात अ‍ॅक्सल का बसला, हा प्रश्न मी त्या पाच आठवड्यांत हातात घेतला. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं.

पहिला ओटा आम्ही उजव्या बाजूला, अगदी मागच्या कोपऱ्यात बांधला होता. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, जाड फळीचा वरचा भाग, खाली भांड्यांचे दोन भरलेले ड्रॉवर. देखणा होता. जुना अ‍ॅक्सल असतानाच आम्ही ट्रेलर नेहमीच्या सामानासकट आणि पाण्याची टाकी भरून हळूहळू वजनकाट्यावर नेला. गाडीपासून सोडवून एकूण भरला १,७३० किलो, ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेली मर्यादा १,७२४. गाडीला जोडलेला असताना नुसत्या अ‍ॅक्सलवर १,६१०. अ‍ॅक्सल ३,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,५८८ किलोंचा. आणि या दोन वजनांतला फरक, म्हणजे हिचवर पडणारं ओझं, फक्त १२० किलो. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, आमचं ७ होतं. उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायचा तो का, हे त्या काट्यावर कळलं. मागच्या कोपऱ्यातला प्रत्येक किलो नाक उचलतो आणि सगळं ओझं अ‍ॅक्सलवर टाकतो, आमच्या बाबतीत तर उजव्या हातावर. ४ आणि ११ अंशांमधला फरक तिथूनच आला होता. हे पाहून मला खूप वाईट वाटलं, कारण तो ओटा आम्ही दोघांनी सहा रविवार घालून केला होता.

जास्त ताकदीचा अ‍ॅक्सल मागवा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आम्ही तो घेतला नाही. अ‍ॅक्सल मोठा केला म्हणून चासिस, टायर, रिम आणि पाटीवरची मर्यादा वाढत नाही. वर हलक्या ट्रेलरखाली कडक अ‍ॅक्सल आतलं सामान खिळखिळं करतो.

नवा ओटा आम्ही अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, बाजूच्या कप्प्यात सरकता केला. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, १२ मिलिमीटरची फळी आणि आत-बाहेर दोन्हीकडे कुलूप लागणारे रुळ. हे दुहेरी कुलूप घ्याच. साधे रुळ वळणावर उघडतात, आणि उतारावर उभं राहून काही शिजवताना ओटा आपोआप आत सरकू लागतो. सिंक कापडी, घडीचं, खाली सांडपाण्याची बादली. आता एकूण १,६८० किलो, हिचवर १९५, अ‍ॅक्सलवर १,४८५.

गॅसने मात्र आम्हाला दोन दिवस रडवलं. ट्रेलरच्या बाजूला कमी दाबाचं जोडणीचं तोंड आहे, तिथे शेगडी लावली आणि ज्योत मेणबत्तीएवढी. पाणी काही उकळेना. नळी बदलली, बर्नर साफ केला. कारण वेगळंच होतं: सिलिंडरवरच्या मुख्य रेग्युलेटरने दाब आधीच ११ इंच जलस्तंभाइतका (११ इंच उंच पाण्याच्या दाबाएवढा) खाली आणलेला, आणि सुटी शेगडी तिच्या स्वतःच्या रेग्युलेटरसकट येते, जो सिलिंडरचा पूर्ण दाब गृहीत धरतो. दोनदा दाब कमी केला तर शेगडीला काय मिळणार? अशा तोंडाला कमी दाबावर चालणारीच, स्वतःचा रेग्युलेटर नसलेली शेगडी हवी. आम्ही ती घेतली. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी भोकं ठेवा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

अ‍ॅक्सल बसवणं एका दिवसात झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. विजेवर चालणाऱ्या ब्रेकच्या चुंबकाच्या दोन तारा कशाही जोडल्या तरी चालतात, हे कळल्यावर मला हायसं वाटलं. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानेच) कसा, आणि पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासा. आमचे दोन नट ४० वर चांगले पाव वळसा फिरले. थांबाल तेव्हा हबला हात लावून बघा. कोमट चालेल, पण चटका बसला तर पुढे जायचं नाही.

आणि नवा अ‍ॅक्सल चासिसला लागण्याआधी त्याच्या पट्टीचा फोटो काढा. मी काढला, शिवाय अनुक्रमांक आणि कोन ओट्याच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला. त्याखाली चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर लिहिते, दर सहा महिन्यांनी, सपाट जागेवर, टाकी रिकामी असताना. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना ११५ मिलिमीटर होतं. परवा मोजलं: डावीकडे ११३, उजवीकडेही ११३.