एका माहितीपटासाठी अकरा हेलपाटे

आमच्या फिल्म क्लबला माहितीपट दाखवायला सूट देणारं दिल्लीचं पत्र ई-मेलवर आलं तेव्हा मला वाटलं, आता सगळं झालं. हॉलचं पत्र तेवढं राहिलं होतं. ते आमच्या ग्रंथालयापासून चालत पाच मिनिटांवरच्या कार्यालयातून यायचं होतं, आणि त्याला दोन महिने लागले. माझा राग अजून उतरलेला नाही. मराठवाड्यातल्या दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या गावी कुणी असा कार्यक्रम करणार असेल, तर त्याचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून लिहिते.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी आणि एक निवृत्त शिक्षक मिळून चौदा वर्षं फिल्म क्लब चालवतो. सगळं गाव त्यांना सरच म्हणतं. चित्रपट सर निवडतात आणि त्यावर बोलतातही सरच. पत्रं, पावत्या, सतरंज्या आणि प्रोजेक्टर हे माझ्याकडे. गेल्या वर्षी सरांनी ठरवलं की 'मर्चंट आयव्हरी' हा माहितीपट दाखवायचा. स्टीफन सूसी यांनी तो २०२३ मध्ये केला, याच नावाच्या चित्रपटसंस्थेवर. जेम्स आयव्हरी दिग्दर्शक, इस्माईल मर्चंट निर्माते. १९६१ मध्ये या दोघांनी ती संस्था काढली आणि २००५ मध्ये इस्माईल वारले तोपर्यंत ती दोघांनी चालवली. पटकथा बहुतेक वेळा रूथ प्रवर झाबवाला यांच्या, संगीत पुढे रिचर्ड रॉबिन्स यांचं. मुंबईत जन्मलेला मुसलमान मुलगा, कॅलिफोर्नियात जन्मलेला अमेरिकन आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेल्या ज्यू कुटुंबातली, लग्न करून दिल्लीत आलेली लेखिका. इतकी वर्षं ही माणसं एकमेकांना धरून राहिली. सरांना हे गावातल्या पोरांना दाखवायचं होतं. तारीखही त्यांनीच काढली, ७ जून. आयव्हरींचा जन्म ७ जून १९२८चा. मी म्हटलं, सर, त्याच सुमारास मृग निघतो, पाऊस पडला तर निम्मं गाव पेरणीला. ते म्हणाले, पाऊस कुठं वेळेवर येतो आपल्याकडं.

हक्कदारांची परवानगी दोन ई-मेलमध्ये मिळाली. दिल्लीचंही सरळ झालं. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे चित्रपट जाहीरपणे दाखवायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, पण महोत्सवासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते. कार्यक्रम नफ्यासाठी नसावा, नाव नोंदवलेल्या प्रतिनिधींनाच आत घ्यावं आणि आपल्या परीक्षण समितीनं चित्रपट आधी पाहून शिफारस द्यावी, अशा अटी असतात. आम्ही माहितीपटाला दोन जुने चित्रपट जोडून दोन दिवसांचा छोटा महोत्सव केला. समितीत सर, एक वकीलसाहेब आणि कॉलेजातल्या एक मॅडम. आयव्हरी आणि इस्माईल घरातही जोडीदार होते हे माहितीपटात उघड येतं. ते गावात चालेल का, यावर समितीत तासभर बोलणं झालं. मी म्हटलं, झाकून दाखवायचं असेल तर दाखवूच नये. मराठी टिपणात मी ते सरळ लिहिलं. त्यावरून नंतर एकही तक्रार आली नाही.

आता हॉल. पहिल्या दिवशी टेबलावरचे बाबू म्हणाले, "विदेशी पिक्चर आहे, आधी पोलीस ठाण्याचं ना हरकत आणा." ठाण्यात गेले, तर तिथं सांगितलं, "तारीख आणि जागा पक्की झाल्याशिवाय ना हरकत कशावर देऊ? हॉलचं पत्र आणा." परत आले. "ना हरकत नाही तर तारीख नाही." असं चार वेळा झालं. मे महिन्याचं ऊन, अंगावर सुती ओढणी, हातात फाईल. पाचव्यांदा गेले तर "साहेब मीटिंगला गेलेत." सहाव्यांदा "साहेब जेवायलेत." तेव्हा चार वाजले होते. मी बसून राहिले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, कामून एवढी घाई करायलेत? जूनला अजून लई टाईम आहे." ७ जूनला आठच दिवस उरले होते.

तारीख हातची गेलीच. मृग कोरडा निघाला, सरांचं म्हणणं खरं ठरलं, पण हॉल नव्हता.

सातव्या खेपेला मी नुसतं एवढंच विचारलं की माझा अर्ज या क्षणी कोणत्या टेबलावर आहे. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, तुम्ही विचारा. आवक रजिस्टर उघडलं. अर्ज तीन आठवड्यांपासून कराच्या टेबलावर पडला होता. विषयाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'मर्चंट कार्यक्रम, व्यावसायिक'. नावात मर्चंट दिसलं म्हणून कुणीतरी तो व्यापाऱ्यांचा कार्यक्रम ठरवला होता. भाडं चौपट, अनामत वेगळी, वर कर विभागाचा अभिप्राय हवा. आणि तो अभिप्राय मागणारं पत्र कुणी लिहिलंच नव्हतं! ना हरकतीचा घोळ सोडवूनही मला हॉल मिळाला नसता. दोन वेगळ्या गाठी होत्या, आणि मी एकच सोडवत बसले होते.

त्या रात्री मी सरांकडे जाऊन अक्षरशः रडले. म्हटलं, रद्द करू. सरांनी काही समजावलं नाही. माहितीपट लावला आणि इस्माईल पैसे कसे उभे करायचे तो भाग पुन्हा दाखवला. खिशात काही नसताना शूटिंग सुरू करायचं, गोड बोलून जागा मिळवायची, पैसे थकले म्हणून लोक चिडले की स्वतः रांधून सगळ्यांना जेवू घालायचं. त्या काळी अमेरिकन कंपन्यांची भारतातली कमाई बाहेर नेता येत नसे. त्याच अडकलेल्या रुपयांतून कोलंबियानं यांचा पहिला चित्रपट, १९६३चा 'द हाउसहोल्डर', विकत घेतला. सत्यजित राय यांनी त्याच्या संकलनात मदत केली. लोक दिग्दर्शकाचं नाव लक्षात ठेवतात. मला त्या रात्रीपासून इस्माईल जवळचे वाटतात. कॅमेऱ्यासमोर काही यायच्या आधी कुणाला तरी दारोदार जावं लागतं, आणि ते काम त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं केलं.

आठव्या खेपेला नवा अर्ज नेला. विषय: 'नोंदणीकृत संस्थेचा विनामूल्य सांस्कृतिक कार्यक्रम, माहितीपट प्रदर्शन'. चित्रपटाचं नाव विषयात घातलंच नाही, आतल्या मजकुरात घातलं आणि पुढे लिहिलं, 'मर्चंट हे निर्मात्याचे आडनाव आहे, जन्म मुंबई, १९३६'. सोबत संस्थेच्या नोंदणीची प्रत, कार्यकारिणीचा ठराव आणि दिल्लीचं सूटपत्र. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठले नाही. त्यापूर्वीच्या सगळ्या खेपांचा माझ्याकडे एक कागदही पुरावा नव्हता. ना हरकतीची गाठ वकीलसाहेबांनी सुचवलेल्या एका वाक्यानं सुटली. 'ना हरकत प्राप्त होण्याच्या अधीन राहून तारीख राखून ठेवावी' असं लिहून मागा, म्हणाले. तसं पत्र मिळालं, ते ठाण्यात दिलं, दोन दिवसांत ना हरकत आलं. उरलेल्या खेपा भाडं, अनामत आणि अंतिम पत्राच्या. भाडं सांस्कृतिक दरानंच भरलं, याचा मला अभिमान आहे.

दिल्लीच्या सूटपत्रात तारखा असतात. तारीख बदलली की तिकडे पुन्हा कळवावं लागतं, हे सांगायचं राहिलं. आम्हाला ते ऐनवेळी सुचलं, नशिबानं दुरुस्ती वेळेत आली. हॉलच्या स्पीकरवर अजिबात विसंबू नका. लाईट जाणार हे धरूनच चाला. आम्ही मंडपवाल्याचा जनरेटर सांगून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी तो लागलाच. इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून सरांनी सुरुवातीला वीस मिनिटं माणसं ओळखून दिली. दोन पानी टिपणाच्या झेरॉक्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, नोंदवहीत एकशे बारा नावं झाली. रूथ यांना बुकरही मिळालं आणि पटकथेची दोन ऑस्करही, हे सरांनी सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. आयव्हरींना ऑस्कर मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी. तोवर इस्माईल आणि रूथ दोघंही नव्हते. हे सांगताना सरांचा आवाज बसला आणि ते खाली येऊन माझ्या शेजारी बसले.

अनामत अजून परत मिळालेली नाही. त्यासाठी पावतीची मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. सोमवारी बाराव्यांदा जाणार आहे.